दुसऱ्या वळणावरचं स्टूल

९ फेब्रुवारी

नमस्कार.

मी लॅबमधली. धाकट्याची बहीण, असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण अकरा वर्षं तुम्ही मला लॅबमधली म्हणूनच ओळखता, म्हणून तिथूनच सुरुवात करते. वर्षातून एकदा तुम्ही आणि धाकटा रक्त द्यायला यायचात. आधी तो बाही वर करायचा, मग तुम्ही. तुमच्या डाव्या हाताची शीर कोपराच्या जरा बाहेरच्या अंगाला आहे. पहिल्या वर्षी मला ती सापडली नव्हती, नंतर कधी चुकली नाही. मी म्हणायचे, "मूठ आवळा." तुम्ही म्हणायचात, "हो मॅडम." आपलं बोलणं इतकंच.

पत्र लिहायची मला सवय नाही. फोन दोनदा केला, तुम्ही उचलला नाहीत. मीही उचलला नसता.

काम असं आहे. आमचा अभ्यास तुम्हाला नव्यानं सांगायला नको. समलिंगी आणि पारलिंगी माणसांची तब्येत कशी राहते, कशानं ती खचतात आणि कशाच्या जोरावर तग धरतात, हे आम्ही अकरा वर्षं मोजतोय. त्यात नाव असलेलं कोणी गेलं, की घरच्या एका माणसाला चाळीस प्रश्न विचारतात. सर्टिफिकेटवर डॉक्टर एका ओळीत लिहितो, 'हृदय बंद पडून'. त्यावरून काय कळणार? हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. आधीचे महिने कसे गेले, ते या चाळीस प्रश्नांतून कळतं. मुदत सहा महिन्यांची असते. धाकटा दोन जानेवारीला गेला, म्हणजे जून संपेपर्यंत.

फॉर्म माझ्याकडे आला, कारण त्यावर छापलंय, 'माहिती देणारी व्यक्ती रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्याची असावी'. गेल्या मंगळवारी पेन घेऊन बसले. पहिले प्रश्न भराभर झाले. जन्म, शिक्षण, नोकरी, आईवडिलांची आजारपणं. मग आलं, 'जिना एका दमात चढणं कधी बंद झालं?' माहीत नाही. 'झोपताना किती उशा लागत होत्या?' माहीत नाही. 'पावलांवर सूज पहिल्यांदा कधी दिसली?' 'त्रास सुरू झाल्यावर दवाखान्यात जायला किती दिवस लावले, आणि का?' माहीत नाही, माहीत नाही.

चाळीसपैकी चौदा आले. शाळेत याला काठावर पास म्हणतात. इथं नाही म्हणत.

उरलेल्या सव्वीस प्रश्नांची उत्तरं तुमच्यापाशी आहेत. ती आली नाहीत तर त्याच्या फाइलवर 'कारण अस्पष्ट' असा शिक्का बसेल आणि तो मोजणीतून बाद होईल. अकरा वर्षं एकदाही तारीख न चुकवणारा माणूस. मला ते चालणार नाही.

धाकटा गेला त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तुम्हाला खालच्या मजल्यावर बसावं लागलं, याचं वाईट वाटतं. तिथला नियम तसा होता.

उत्तर कळवा.

धाकट्याची ताई


३ मार्च

नमस्कार.

तुम्ही पत्राला उत्तर दिलं नाहीत, म्हणून मास्तरणीला पाठवलं. पूर्वी ती मुलांच्या शिकवण्या घ्यायची, म्हणून आम्ही तिला मास्तरीण म्हणतो. ती स्वतः पारलिंगी आहे, आणि घरोघर जाऊन प्रश्न विचारण्यात तिचा हात धरणारं आमच्याकडे कोणी नाही. तुम्ही तिला पाणी दिलंत, खुर्ची दिलीत आणि म्हणालात, "शेजाऱ्याला काय माहीत असणार? बहिणीला विचारा."

ती परत आली ती थेट लॅबमध्ये. मी नळ्यांवर नंबर चिकटवत होते.

"ताई, हा शेजारी मध्येच कुठून उपटला?"

मी म्हटलं, "हॉस्पिटलच्या रजिस्टरात तसं लिहिलं गेलं."

"लिहिलं गेलं? पेन आपोआप चालतं वाटतं तिथं?"

मी पुढची नळी उचलली. ती टेबलाच्या कडेला टेकली. "अकरा वर्षं जातेय मी त्या घरी. एक पलंग, एक कपाट, दोन चष्मे एका डबीत. शेजारी झोपतो कुठं, ते तरी सांगा!" मग माझ्याकडे बघून तिनं आवाज खाली आणला. "जाऊ दे. तीन मजले चढून माझं कंबरडं मोडलं. बरं झालं, दुसऱ्या वळणावर कुणीतरी स्टूल ठेवलंय. दोन मिनिटं बसले म्हणून पोचले."

ते स्टूल मला ठाऊक आहे. मी तुमच्या घरी एकदाच आले, मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये. तुम्ही कामावर होतात. जिन्यात माझा गुडघा त्या स्टुलावर आपटला आणि वर आल्याआल्या मी धाकट्याला म्हटलं, "जिन्यात अडगळ कोण ठेवतं रे?" तो म्हणाला, "आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात ना, पण आमच्या बिल्डिंगला लिफ्टच नाही. म्हणून त्यांनी हप्त्याहप्त्यानं लिफ्ट आणायची ठरवलंय. पहिला हप्ता आला." आणि इतका हसला की त्याला खोकला लागला. मला वाटलं हसण्यानं लागला.

तुम्ही ते त्याच्यासाठी ठेवलं होतंत. ऑक्टोबरमध्ये ते तिथं होतं, म्हणजे जिना एका दमात चढणं त्याच्या आधीच बंद झालं होतं. एका प्रश्नाचं उत्तर मला सापडलं. पंधरा झाले.

दर शुक्रवारी तो मला फोन करायचा. आवाजावरून मला काहीच कळलं नाही. तो फोन बसून करायचा की पडून, हे तुम्हाला माहीत असेल.

रक्ताच्या नात्याची अट आडवी येईल, असं मास्तरीण म्हणते. अटीचं मी बघते. तुम्ही फक्त नाही म्हणू नका.

धाकट्याची ताई


२८ मार्च

नमस्कार.

अट गेली.

कशी गेली ते सांगते. दर महिन्याला आमची बैठक असते. प्रोफेसरबाई, मोजणी करणारे दोघं, मास्तरीण, आणि कोपऱ्यात मी. अकरा वर्षांत मी तिथं दोनच गोष्टी बोलले आहे, 'सुया संपल्या' आणि 'फ्रीज नीट बंद करत जा'. या वेळी मी हात वर केला तर प्रोफेसरबाई म्हणाल्या, "सुया ना? मागवल्यात."

मी म्हटलं, "सुया नाहीत. हे बघा." आणि माझा भरलेला फॉर्म टेबलावर ठेवला.

त्यांनी पानं उलटली. "इतके 'माहीत नाही'?"

"मी सख्खी बहीण आहे. त्याला मी कडेवर घेऊन फिरवलंय. एका गावात राहत होतो, दर आठवड्याला बोलत होतो. तरी पंचवीस प्रश्न मला येत नाहीत. येतात त्या माणसाला विचारायची आपल्याला बंदी आहे, आणि बंदी आपणच छापलीय."

मोजणीवाल्यांतला थोरला म्हणाला, "फॉर्म आपला नाही हो. दुसऱ्या मोठ्या अभ्यासातून घेतलाय, तिकडे वीस वर्षं वापरतात."

मास्तरीण म्हणाली, "तिकडे नवरा-बायको मरतात. इकडे आमची माणसं मरतात. दर वर्षी विचारता, तुमचं जवळचं कोण, अडीनडीला कोण धावतं, आणि मेल्यावर म्हणता, आता आत्याला बोलवा!"

प्रोफेसरबाईंनी चष्मा काढून ठेवला. त्यांनी त्या अटीखाली सही केली होती, अकरा वर्षांपूर्वी. त्यांनी विचारलं, "आजवर किती जण गेले?" धाकटा धरून दहा. "आधीच्या नऊपैकी किती फाइलींवर 'कारण अस्पष्ट'?" मोजणीवाल्यानं बघितलं. सात.

सात माणसांच्या घरी कोणीतरी होतं, ज्याला सगळं माहीत होतं आणि ज्याला आम्ही विचारलं नाही. इतकी शिकलेली माणसं आम्ही, आणि नेमकी हीच चूक केली. आता फॉर्मवर छापलंय, 'माहिती देणारी व्यक्ती शेवटचे महिने सोबत राहिलेली असावी'. नात्याच्या जागी रकाना मोकळा आहे, सांगणाऱ्यानं आपल्या शब्दांत सांगायचा. त्या सातही घरी मास्तरीण पुन्हा जाणार आहे. पण पहिलं घर तुमचं, असं मी सांगितलंय.

बैठकीत आणखी एक गोष्ट निघाली, ती मला तुम्हाला लिहायलाच हवी. आमच्या मोजणीत दिसतंय, की दवाखान्याच्या टेबलावर ज्यांना एकदा 'हे कोण?' असं विचारून अडवलं, ती माणसं पुढच्या आजारपणात फार उशिरा जातात. काही जातच नाहीत. हा तक्ता मी स्वतः टाइप केलाय, डिसेंबरमध्ये. धाकटा जायच्या तीन आठवडे आधी.

पुढचं पत्र लिहायला मला थोडे दिवस लागतील.

धाकट्याची ताई


२० एप्रिल

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तिथला नियम तसा होता. दुसऱ्यात लिहिलं, तसं लिहिलं गेलं. दोन्ही खरं नाही.

नर्सनं पेन हातात धरून विचारलं, "हे कोण?" माझ्या शेजारी मामा उभे होते. आई गेल्यावर आम्हा दोघांना ज्यांनी वाढवलं, ते. मामांना सगळं माहीत होतं आणि काहीच माहीत नव्हतं, घरातल्या मोठ्यांना जसं जमतं तसं. मी म्हटलं, "शेजारी आहेत. यांनीच आणलं, फार मदत झाली."

तुम्ही ऐकलंत. तुमच्या हातात त्याचे बूट होते, लेस न सोडता काढलेले. बूट माझ्या हातात दिलेत. नर्स म्हणाली, "मग तुम्ही खाली बसा, काका, वर फक्त घरचे." आणि तुम्ही लिफ्टनं न जाता जिन्यानं गेलात, तेही मी बघितलं.

तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. तो गेला पाच वाजून दहा मिनिटांनी.

मधल्या वेळात त्यानं दोनदा विचारलं. पहिल्यांदा, "हे कुठं आहेत?" मी म्हटलं, "येतायत, गाडी लावतायत." चारच्या सुमाराला पुन्हा. "अजून गाडीच लावतायत?" मी म्हटलं, "पार्किंग लांब आहे." त्याला हसू आलं. म्हणाला, "ताई, आमच्याकडे गाडी नाही."

मग डोळे मिटून पडून राहिला, माझं बोट धरून. चिडला नाही. मला तुम्हाला एवढंच सांगायचंय, की तुम्ही आला नाहीत असं त्याला एक क्षणही वाटलं नाही. तुम्हाला कोणी थांबवलं ते त्याला कळलं होतं.

माफी मागितली की ती द्यायची की नाही हे ओझं तुमच्यावर येतं, म्हणून मागत नाही. केलं ते मी केलं. आता जे करता येतं तेही मीच करणार. कालपर्यंत दोन कामं झालीत.

एक, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज दिला. कारकुनानं रजिस्टर काढलं. "नातं चुकीचं लिहिलंय? मग बरोबर काय लिहू?"

"ते ज्यांचं आहे, ते सांगतील."

"बाई, रकाना रिकामा चालत नाही."

"चूक चालली साडेतीन महिने. रिकामा थोडे दिवस चालेल."

त्यानं लाल पेन दिलं. 'शेजारी' हा शब्द मी माझ्या हातानं खोडला आणि बाजूला सही केली. त्याची प्रत सोबत जोडली आहे.

दोन, मामांना सांगितलं. ते म्हणाले, "आता उकरून काय मिळणार? माणूस गेला." मी म्हटलं, "एक गेला, मामा. एक आहे." त्यांनी पेपर उघडला. पण पान उलटलं नाही, बराच वेळ.

फॉर्म तुम्ही भरला नाहीत तरी या दोन गोष्टी झालेल्याच आहेत. त्या बदल्यात काही मागायचं म्हणून केलेल्या नाहीत. मुदत मात्र तीस जूनची आहे, ती आहेच.

ताई


२४ मे

मास्तरीण आज परत आली. म्हणाली, "तीन तास, दोन चहा, आणि चाळीसच्या चाळीस." फॉर्मचा लिफाफा तिनं माझ्यासमोर बंद केला आणि कपाटात ठेवला. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. मी उघडलं नाही, उघडणार नाही. तुम्ही काय सांगितलंत ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. वरचं पान तेवढं नोंदीसाठी लॅबमध्ये येतं, नळीवरचा नंबर जुळवायला. त्यावर नंबर होता, तारीख होती, आणि नात्याचा रकाना.

'घरचा.'

मी नंबर जुळवला आणि सही केली. मग खिडकीपाशी जाऊन थोडा वेळ उभी राहिले. कोणी विचारलं असतं तर डोळ्यांत स्पिरिट गेलं असं सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

ताई


१९ जून

नमस्कार.

काल तुम्ही आलात. यादीत तुमचा नंबर सकाळी बघितला होता, तरी दार उघडलं तेव्हा हातातली नळी खाली ठेवावी लागली. या वेळी आधी बाही वर करणारं कोणी नव्हतं. तुम्ही खुर्चीत बसलात आणि डावा हात पुढे केलात. मी पट्टा बांधला. "मूठ आवळा." तुम्ही म्हणालात, "हो मॅडम."

अजून मॅडमच. ठीक आहे. अकरा वर्षांची सवय एका पत्रानं जात नाही, पाचांनीही नाही.

बोलायचं खूप होतं. मी नळीवर नंबर चिकटवला. तुम्ही कापूस दाबून धरलात आणि विचारलंत, "तुमची लिफ्ट कधीपासून बंद आहे?" मी म्हटलं, जानेवारीपासून, तक्रार दिलीय. तुम्ही म्हणालात, "आजारी माणसं जिना चढून येतात इथं." आणि उठलात.

पुढचं मला रखवालदाराकडून कळलं. तुम्ही खिशातून पाना काढलात, लिफ्टच्या दाराशी गुडघ्यावर बसलात आणि त्यानं हटकलं, "कुणाच्या परवानगीनं?" तुम्ही म्हणालात, "आधी वर जाऊन येते का बघा, मग परवानगी आणा." वीस मिनिटांत लिफ्ट चालू. साडेपाच महिने आमच्या पत्रांना कंपनी उत्तरं देत होती, 'काम प्रगतीपथावर आहे'. मास्तरीण आज दोनदा उगीचच वर-खाली करून आली. म्हणाली, "ज्यांना आपण विचारत होतो तुम्ही तग कसे धरता, ते बघा, आपलीच दुरुस्ती करून गेले."

तुम्हाला सांगायला हवं, त्या सात घरांपैकी चार झाली. एका घरी म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांचा जोडीदार सहा वर्षांपूर्वी गेला. मास्तरणीनं दारात सांगितलं कशाला आलेय, तर ते म्हणाले, "फार उशीर केलात. पण मी विसरलो नाहीये, बसा." त्यांना तारखासुद्धा पाठ होत्या. धाकट्याच्या फाइलीवर आता शिक्का नाही. तो मोजणीत आहे. का उशीर झाला हेही मोजणीत आहे, आणि ते वाचून आज ना उद्या एखाद्या टेबलावरची नर्स पेन जरा थांबवेल, असं मला वाटतं. नुसतं वाटत नाही, प्रोफेसरबाईंनी त्यासाठी तीन हॉस्पिटलांच्या वेळा घेतल्यात आणि बोलायला मला बरोबर नेणार आहेत. 'शेजारी'चं मी त्यांना सांगितलंय. मी काय बोलणार, विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही टेबलावर काय म्हणालात, ते." म्हणेन.

आता तुमचं-माझं.

निघताना दारात तुम्ही म्हणालात, "शेवटच्या आठवड्यातलं एक सांगायचं राहिलं. फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती." आणि मागून पुढचा नंबर आत आला.

मी शनिवारी चारला येते. तुम्हाला कामावर जायचं असेल तर कळवा, रविवारी येईन. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन. माझ्याकडेही तुमची एक गोष्ट आहे. त्याची वर्षं तुमच्यापाशी आहेत, त्याचे महिने, त्याच्या उशा, त्याची सूज. माझ्यापाशी फक्त ते पाच तास आहेत, बारा ते पाच वाजून दहा. ते तुमचे होते. मी ते नीट बघितलेत, एकही मिनिट विसरले नाही. तो कुठल्या कुशीवर वळला, पाणी किती घेतलं, मधेच कुठलं गाणं चुकीचं गुणगुणला, सगळं. तुम्ही विचारा, मी सांगते. या फॉर्ममध्ये 'माहीत नाही' एकही येणार नाही.

बूटही आणतेय. लेस अजून सोडलेली नाही.

स्टूल दुसऱ्या वळणावरून हलवू नका. माझा गुडघा त्याला ओळखतो. या वेळी त्यावर बसेन, दम खाईन, आणि मग उरलेला जिना चढून येईन.

ताई